'धिस' नेमका कोणाचा?

जावास्क्रिप्टला नावं ठेवायची म्हटलं की पहिलं बोट 'धिस'कडे जातं. शिकवणारे, मुलाखती घेणारे, व्हॉट्सॲपवर विनोद फिरवणारे, सगळ्यांचं यावर एकमत आहे. मला ही तक्रार अर्धवट वाटते. ज्या कामासाठी 'धिस'चा नियम आला, त्या कामाला तो चपखल होता. पुढे काम बदललं आणि नियम तिथंच राहिला. फॉर्ममधल्या साध्या रकान्यांचा पाव शतकाचा प्रवास पाहिला की हे चांगलं दिसतं.

मे १९९५मध्ये नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत या भाषेचा पहिला नमुना उभा केला. वरच्यांचा हट्ट होता की भाषा जावासारखी दिसली पाहिजे. आइक यांचा ओढा स्कीम आणि सेल्फ या भाषांकडे. त्यामुळे 'धिस' हा शब्द जावाकडून आला, पण फंक्शन मात्र स्कीमच्या वळणाचं आलं: सुटं, हातातून हातात देता येणारं. जावात मेथड आपल्या ऑब्जेक्टचं घर सोडून जात नाही, म्हणून तिथं 'धिस' कोण हा प्रश्नच पडत नाही. इथं फंक्शन कुठंही जाऊ शकतं. मग नियम असा झाला की फंक्शन कुठं लिहिलं हे बघायचं नाही, ते बोलावलं कसं हे बघायचं. बोलावताना टिंबाच्या डावीकडे जो असेल, तो 'धिस'.

मार्च १९९६मध्ये नॅव्हिगेटर २.० आला, तेव्हा या भाषेचं मुख्य काम होतं फॉर्म तपासणं. आपल्याकडे विदेश संचार निगमनं १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट खुलं केलं होतं. मोडेमवरून फॉर्म पाठवायचा, सर्व्हरनं तो तपासून परत धाडायचा आणि मग कळायचं की पिनकोड राहिला, हा प्रकार इथं काय आणि अमेरिकेत काय, सारखाच वैतागाचा. ही तपासणी ब्राउझरमध्येच करायची म्हणून रकान्याच्या टॅगमध्येच ऑनचेंज, ऑनब्लर असं लिहायची सोय झाली. त्या अवतरणचिन्हांतल्या ओळीत 'धिस' म्हणजे तो रकाना स्वतः. 'धिस.व्हॅल्यू' म्हटलं की त्यातला मजकूर हाती, 'धिस.फॉर्म' म्हटलं की अख्खा अर्ज. हिशेबाचं बटण असेल तर त्यावर 'कॉम्प्यूट'ला बोलावून कंसात 'धिस.फॉर्म' द्यायचं. नेटस्केपच्या स्वतःच्या मार्गदर्शिकेत हाच नमुना होता.

बारकावा एकच. 'कॉम्प्यूट'च्या आत शिरलात की तिथला 'धिस' रकाना नाही, विंडो. म्हणूनच तर फॉर्म कंसातून द्यावा लागायचा. पण कार्यक्रमच पाच ओळींचा, तेव्हा यानं कोणाचं अडलं नाही. (त्या काळातला खरा डंख वेगळाच होता आणि तो अजून जिवंत आहे: बटणाला 'सबमिट' हे नाव दिलंत, तर फॉर्मचं मूळ सबमिट फंक्शन त्या बटणाखाली झाकलं जातं आणि ते बोलवायला गेलं की 'हे फंक्शनच नाही' असं उत्तर येतं.)

खरा गोंधळ २०००च्या आसपास सुरू झाला. डब्ल्यूथ्रीसीनं नोव्हेंबर २०००मध्ये इव्हेंटचं जे प्रमाण ठरवलं, त्यात 'ॲडइव्हेंटलिसनर' होतं. आता हँडलर टॅगमध्ये न लिहिता बाहेरून जोडता येऊ लागला, आणि त्यात 'धिस' म्हणजे ज्या घटकावर जोडला तो घटक. पण इंटरनेट एक्स्प्लोररचं स्वतःचं 'अटॅचइव्हेंट' होतं आणि त्यात 'धिस' म्हणजे सरळ विंडो. दहा रकान्यांना एकच हँडलर लावला तर कोणत्या रकान्यात टाइप झालं हे 'धिस'वरून कळायला मार्ग नाही. घटक हवा तर 'विंडो.इव्हेंट'मधून 'सोर्सएलिमेंट' उकरून काढा.

२००५मध्ये पीटर-पॉल कॉख यांनी यावर स्पर्धाच लावली: दोन्ही प्रकारच्या ब्राउझरांत चालेल आणि 'धिस' जागेवर ठेवेल असं 'ॲडइव्हेंट' लिहा. जिंकले जॉन रेसिग. त्यांची युक्ती बघण्यासारखी आहे. त्यांनी ते फंक्शन रकान्यालाच एक गुणधर्म म्हणून चिकटवलं आणि मग रकान्याच्या टिंबानंतर बोलावलं. डावीकडे रकाना आला, 'धिस' आपोआप रकाना झाला. त्या गुणधर्माचं नाव काय? इव्हेंटचं नाव आणि त्यापुढं फंक्शनचा सगळाच्या सगळा मजकूर, स्ट्रिंग करून. वाचून हसू येतं, पण नियम न मोडता नियमालाच कामाला लावणारं इतकं थेट उत्तर दुसरं मला आठवत नाही. पुढच्याच जानेवारीत रेसिग यांनी जेक्वेरी ही लायब्ररी लोकांसमोर आणली. तिच्या हँडलरमध्ये 'धिस' नेहमी घटकच, ब्राउझर कोणताही असो. डॉलरच्या कंसात 'धिस' घालायची सवय एका अख्ख्या पिढीच्या बोटांत बसली ती तिथून.

याच सुमाराला पानांचं रूप पालटलं. रकाना आता एकटा राहिला नाही. त्यामागं एक ऑब्जेक्ट आला, ज्यात ग्राहकाची माहिती, चुकांची यादी आणि जतन करायची मेथड. हँडलर त्या ऑब्जेक्टची मेथड, पण तिला बोलावतो रकाना. दोघेही 'धिस'वर हक्क सांगणार. भाषेचा कौल रकान्याच्या बाजूनं, लिहिणाऱ्याचं मन ऑब्जेक्टच्या बाजूनं. डग्लस क्रॉकफर्ड यांनी रूढ केलेली 'दॅट' नावाच्या व्हेरिएबलची वाट, किंवा तिचीच बहीण 'सेल्फ', ही या भांडणावरची पहिली तडजोड: बाहेर असतानाच 'धिस' दुसऱ्या नावानं जपून ठेवायचा आणि आत ते नाव वापरायचं.

दुसरी वाट बाइंडची. सॅम स्टीफन्सन यांच्या प्रोटोटाइप या लायब्ररीत ती २००५पासून होती, आणि डिसेंबर २००९च्या ईएस५ प्रमाणात ती भाषेचीच झाली. बाइंड म्हणजे भांड्यावर नाव घालणं. मग ते शेजारी जावो की लग्नाच्या पंगतीत, मालक ठरलेला. आणि एकदा नाव कोरलं की त्यावर दुसरं कोरता येत नाही. बाइंड केलेल्या फंक्शनला पुन्हा बाइंड केलंत तरी पहिलाच 'धिस' टिकतो. मात्र बाइंड दर वेळी नवं फंक्शन देतं. जोडताना एकदा बाइंड केलं आणि काढताना पुन्हा बाइंड करून काढायला गेलात, तर काहीच निघत नाही, चूकही दिसत नाही. रकाना पानावर असेपर्यंत जुना हँडलर चालूच.

या सगळ्यात एका उपायाची कायम उपेक्षा झाली. डब्ल्यूथ्रीसीच्या त्याच प्रमाणात होतं की लिसनर म्हणून फंक्शनऐवजी 'हँडलइव्हेंट' मेथड असलेला ऑब्जेक्टही देता येतो. तेव्हा 'धिस' म्हणजे तो ऑब्जेक्ट, आणि रकाना हवाच तर 'इव्हेंट.करंटटार्गेट'मध्ये आहेच. बाइंड नको, 'सेल्फ' नको, काढतानाही तोच ऑब्जेक्ट दिला की झालं. भांडणाचा निकाल मूळ प्रमाणातच लिहून ठेवलेला होता. पण इंटरनेट एक्स्प्लोररला 'ॲडइव्हेंटलिसनर'च २०११च्या नवव्या आवृत्तीपर्यंत कळत नव्हतं, आणि तोवर लोकांच्या सवयी पक्क्या झाल्या होत्या.

पुढं रिॲक्ट ही लायब्ररी मे २०१३मध्ये खुली झाली. सुरुवातीच्या 'क्रिएटक्लास'मध्ये मेथड आपोआप बाइंड व्हायच्या, कोणाला काही जाणवत नव्हतं. मार्च २०१५च्या ०.१३ आवृत्तीत भाषेच्या नव्या क्लासांना दार उघडलं आणि ती आपोआपची सोय तिथं ठेवली नाही: क्लास भाषेचा, तर नियमही भाषेचे. तत्त्व म्हणून बरोबर. पण त्यानंतर नव्यानं शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकानं तेच अनुभवलं. 'ऑनचेंज'ला 'धिस.हँडलचेंज' दिलं, पान उघडलं, नावाच्या रकान्यात पहिलं अक्षर टाइप केलं, आणि कन्सोलात लाल ओळ: अनडिफाइन्डची 'सेटस्टेट' वाचता येत नाही. मेथड ऑब्जेक्टपासून सुटी करून दिली होती, बोलावताना टिंबाच्या डावीकडे कोणीच नव्हतं. क्लासच्या आत स्ट्रिक्ट मोड, म्हणून विंडोचाही आधार नाही. एका परीनं हे चांगलंच. जुन्या काळी हीच चूक चुपचाप विंडोवर भलतंच काही लिहून मोकळी झाली असती.

मग कन्स्ट्रक्टरमध्ये रकान्यागणिक एकेक बाइंडची ओळ. पत्त्याच्या फॉर्ममध्ये अशा सात-आठ ओळी एकाखाली एक दिसायच्या, आणि एखादी राहिली की तेवढाच रकाना मुका. २०१५च्या जूनमध्ये प्रमाणात आलेल्या ॲरो फंक्शननं हे सोपं केलं, कारण त्याला स्वतःचा 'धिस' नसतोच, बाहेरचाच दिसतो. कॉफीस्क्रिप्टनं हा जाड बाण आधीच रुळवला होता. रेंडरमध्ये ॲरो लिहू नका, दर वेळी नवं फंक्शन होतं, असा धाक तेव्हा फार घातला जाई. चार रकान्यांच्या फॉर्मला त्यानं काय होणार होतं? पण तपासणीच्या साधनांत त्यासाठी नियम होता, म्हणून लोक तो पाळत. हिंजवडीपासून ऐरोलीपर्यंत मुलाखतींत 'बाइंड स्वतः लिहून दाखवा' हा प्रश्न पाठ झाला तोही याच वर्षांत. व्ह्यू ही दुसरी लायब्ररी वापरणारे यातून बरेच सुटले. तिथं मेथड आधीच बांधलेल्या मिळतात, उलट ॲरो वापरलात तर फसता.

फेब्रुवारी २०१९मध्ये रिॲक्ट १६.८बरोबर हुक्स आले आणि 'धिस' नव्या कोडमधून उठूनच गेला. रकान्याचं मूल्य 'यूजस्टेट'मधून, हँडलर साधं आतलं फंक्शन. बाइंडच्या ओळी नाहीत, कन्स्ट्रक्टर नाही.

त्रास मात्र वेश बदलून आला. पत्त्याचा मसुदा दर पाच सेकंदांनी जतन करायचा म्हणून 'यूजइफेक्ट'मध्ये 'सेटइंटरव्हल' लावा आणि अवलंबनांची यादी रिकामी ठेवा. माणूस घर क्रमांकापासून पिनकोडपर्यंत सगळं भरतो आणि दर पाच सेकंदांनी रिकामा पत्ता जतन होत राहतो, कारण ते फंक्शन पहिल्या रेंडरचं मूल्य धरून बसलंय. मालक कोण हे आता ठरलेलं असतं. हाती असलेलं मूल्य कोणत्या क्षणाचं, हे ठरलेलं नसतं. यादीत पत्ता घातला तर दर अक्षराला टायमर मोडून नवा लागतो, आणि सलग टाइप करणाऱ्याचं जतन होतच नाही. म्हणून बहुतेक जण ताजं मूल्य 'यूजरेफ'मध्ये ठेवतात, म्हणजे रेंडरांमध्ये टिकून राहणारा एक साधा ऑब्जेक्ट घेतात, आणि टायमर त्याच्या 'करंट'मधून पत्ता वाचतो.