लाटेखालचा भोवरा

दिंडोशीच्या डोंगरउतारावर राहणाऱ्या मुलांचा समुद्र म्हणजे अक्सा. मालाड स्थानक ओलांडून मार्वे रस्त्याने गेले की तो वाळूचा विस्तीर्ण किनारा लागतो. तेथे कोणी बुडाल्याच्या बातम्याही आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. ‘भोवऱ्याने खाली ओढले’ हे वाक्य अशा वेळी हमखास कानी पडते. त्यातील भोवरा खरा असू शकतो. ‘खाली’ हा शब्द मात्र बहुधा चुकीचा असतो.

भोवरा प्रथम वसतिगृहाच्या हौदात पाहावा. भर उन्हात जेवणाचे ताट पाण्यात अर्धे उभे बुडवून हळूच पुढे ओढावे आणि अलगद उचलावे. पृष्ठभागावर दोन बारीक खळगे जोडीने सरकू लागतात आणि तळाशी त्यांच्या काळ्या, गोल सावल्या पडतात. फिरत्या पाण्याच्या मध्यभागी दाब कमी असतो, म्हणून तेथे पृष्ठभाग खचतो. गंमत अशी की हे दोन भोवरे नसून पाण्याखालून कमानीसारख्या वळलेल्या एकाच भोवऱ्याची ती दोन टोके असतात.

आता अशा भोवऱ्यावरून लाट गेली तर? एका बाजूस पाणी लाटेच्या दिशेने धावते, दुसऱ्या बाजूस उलट. पहिल्या बाजूस लाट पुढे जाते, दुसरीकडे रेंगाळते, आणि सरळ आलेले शीर्ष वाकडे होते. १९८० साली ब्रिस्टल विद्यापीठातील मायकेल बेरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाण्यातील भोवऱ्यावरून तरंग सोडून दाखवले, की भोवऱ्यापलीकडे दोन्ही बाजूंची शीर्षे परस्परांशी जुळतच नाहीत. एका बाजूस एखादे शीर्ष जास्तच भरते. वरचा तरंग पाहून खालच्या पाण्याची गती ओळखता येते, ती यामुळे.

प्रवाह उलटा आणि जोरकस असेल, तर लाट आखूड व उभी होते. खोल पाण्यात प्रवाहाचा वेग लाटेच्या वेगाच्या एक चतुर्थांशाला पोहोचला, की तिची ऊर्जा पुढे सरकूच शकत नाही. ४ सेकंदांच्या अंतराने येणाऱ्या लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ६ मीटर असतो. तिला अडवण्यास दीड मीटरचा प्रवाह पुरतो.

किनाऱ्यावर या साऱ्याला वाळूच्या दांड्यांची जोड मिळते. दांड्यांवर लाटा फुटतात, पाणी किनाऱ्याकडे साठते आणि दोन दांड्यांमधील खोल फटीतून वेगाने समुद्रात परतते. हाच रिप करंट. त्याच्या दोन्ही कडांना परस्परविरुद्ध दिशेने फिरणारे भोवरे असतात. फटीत पाणी खोल असल्याने लाटा कमी फुटतात, फेस दिसत नाही. नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तेथेच उतरतो. पाणी गडद, गढूळ, पृष्ठभाग बारीक खडबडीत, फेस समुद्राकडे वाहत चाललेला, ही त्याची चिन्हे.

हा प्रवाह माणसाला तळाशी नेत नाही, बाहेर नेतो. क्वचित त्याचा वेग सेकंदाला २ मीटरपर्यंत, म्हणजे ऑलिंपिकमधील जलतरणपटूच्या वेगाइतका होतो. किनाऱ्याकडे तोंड करून त्याच्याशी झुंजणारा दमतो, आणि दमल्यामुळे बुडतो. पाठीवर तरंगत राहावे, हात वर करून मदत मागावी, आणि अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत फुटत्या लाटांकडे सरकावे. मित्राला वाचवण्यासाठी मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा डबा, जे तरंगेल ते फेकावे.

वाळूचे दांडे पावसाळ्यात सरकत असतात. गेल्या सहलीला जेथे निर्धास्त खेळलो, ती जागा यंदा तशी असेलच असे नाही. पाण्यात पाय घालण्यापूर्वी तेथील जीवरक्षकाला विचारावे.