पर्यवेक्षक नसलेली परीक्षा

मुलांनो, परीक्षेची खोली डोळ्यांसमोर आणा. घंटा होते. प्रश्नपत्रिका वाटल्या जातात. पर्यवेक्षक, म्हणजे निगराणी करणारे शिक्षक, बाकांमधून फेऱ्या मारू लागतात. कोणी मान वळवली, की लगेच आवाज येतो, "पुढे बघ!"

आता दुसरी खोली पाहा. येथे प्रश्नपत्रिका वाटून झाल्या, की शिक्षक बाहेर निघून जातात. आत उरतात फक्त विद्यार्थी. तुम्ही म्हणाल, "मग काय, मज्जाच!" पण थांबा. अमेरिकेतील एका लहान विद्यापीठात १९४३ सालापासून ही पद्धत आहे.

या विद्यापीठाचे नाव व्हॅल्परेझो. अमेरिकेच्या इंडियाना राज्यात याच नावाचे एक गाव आहे. शिकागो हे मोठे शहर तेथून सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे. नाव मूळचे स्पॅनिश. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाच्या एका बंदरावरून ते घेतले आहे. त्याचा अर्थ स्वर्गाची, म्हणजे जन्नतची, दरी. हिवाळ्यात मात्र ही जन्नत बर्फाने झाकलेली असते! जवळच मिशिगन सरोवर आहे. त्याच्यावरून येणारे वारे भरपूर बर्फ आणतात. डोक्यापासून पायांपर्यंत गरम कपडे घालून विद्यार्थी वर्गात जातात.

हे विद्यापीठ लूथरन पंथाच्या लोकांचे आहे. मार्टिन लूथर हे जर्मनीतील विटेनबर्ग विद्यापीठात शिकवत असत. १५१७ साली त्यांनी चर्चच्या काही प्रथांविरुद्ध आवाज उठवला. पुढे त्यांना मानणाऱ्या ख्रिस्ती लोकांना लूथरन म्हणू लागले. शहरांनी मुलांसाठी आणि मुलींसाठीही शाळा काढाव्यात, असे लूथर यांनी १५२४ साली लिहिले होते. जर्मनी, नॉर्वे, स्वीडन या देशांतील लूथरन लोक अमेरिकेत गेले, तेव्हा त्यांनी तेथे अनेक महाविद्यालये काढली. व्हॅल्परेझोत शिकायला मात्र लूथरन असण्याची गरज नाही. तेथे कोणत्याही धर्माचे विद्यार्थी येतात. मध्यभागी १९५९ साली बांधलेले मोठे प्रार्थनाघर आहे. सकाळी प्रार्थनेच्या वेळी तास होत नाहीत; पण प्रार्थनेला गेलेच पाहिजे अशी सक्ती नाही.

आता त्या परीक्षेकडे वळू या. पेपर लिहून झाल्यावर प्रत्येक विद्यार्थी त्यावर एक प्रतिज्ञा लिहितो आणि खाली सही करतो. प्रतिज्ञेत तीन गोष्टी आहेत. पहिली, मी नियमाबाहेरची मदत कोणाला दिली नाही. दुसरी, मी ती कोणाकडून घेतली नाही. तिसरी, दुसऱ्या कोणी ती घेतली असेल, तर मी ते खपवून घेतले नाही.

पहिल्या दोन गोष्टी सोप्या आहेत. तिसरी वाचा आणि क्षणभर विचार करा. समजा, तुमच्या शेजारी तुमचा जिवलग दोस्त बसला आहे. तो खिशातून चिठ्ठी काढतो. तुम्ही पाहता. आता पेपरवर सही करायची आहे. गप्प राहून सही केली, तर सही खोटी ठरते. सांगितले, तर दोस्ती तुटते. व्हॅल्परेझोसारख्या लहान ठिकाणी तर हे आणखी कठीण. मोठ्या शहरात शेजारच्या बाकावरचा मुलगा अनोळखी असू शकतो. येथे तोच वसतिगृहात तुमच्या खोलीत राहतो, तोच रात्री तुमच्याबरोबर जेवतो.

अशी तक्रार आली, तर ती विद्यार्थ्यांचेच एक मंडळ ऐकते. दोन्ही बाजू समजून घेते आणि काय करावे ते सुचवते. हा नियमही १९४३ साली विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने सुरू झाला. मला वाटते, म्हणूनच तो टिकला. वरून लादलेल्या नियमाला पळवाटा शोधायला कोणालाही आवडते. आपणच केलेला नियम मोडताना हात थोडा थबकतो. याचा अर्थ तेथे कोणीच कॉपी करत नाही असा नाही. तसे असते, तर मंडळाची गरजच पडली नसती. आपल्या मराठीत 'इमान' हा शब्द आहे आणि तुमच्या उर्दूतही आहे. ही परीक्षा त्या शब्दावर चालते.

तेथील दिवस कसा जातो? पहिल्या वर्षाचे विद्यार्थी बहुतेक वसतिगृहात राहतात. एका खोलीत साधारण दोघे. वर्ग लहान असतात, त्यामुळे प्राध्यापक विद्यार्थ्यांना नावाने ओळखतात. शंका विचारण्यासाठी त्यांच्या खोलीत जाण्याच्या वेळा ठरलेल्या असतात. अनेक विद्यार्थी ग्रंथालयात किंवा भोजनगृहात काही तास काम करून पैसे मिळवतात. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. इंजिनिअर होऊ पाहणाऱ्यालाही धर्म, इतिहास, साहित्य यांतले काही विषय घ्यावेच लागतात. 'क्राइस्ट कॉलेज' नावाचा एक विभाग १९६७ साली सुरू झाला. तेथील पहिल्या वर्षाचे विद्यार्थी दरवर्षी एक संगीत नाटक स्वतः लिहितात आणि स्वतःच रंगमंचावर आणतात.

सर्वांत मौजेचा अभ्यास हवामानशास्त्राचा. उन्हाळ्यात अमेरिकेच्या मधल्या मैदानी भागात भयंकर वादळे होतात. आपण वादळ आले की घरात पळतो. हे विद्यार्थी मात्र आपल्या प्राध्यापकांबरोबर गाड्यांत बसून वादळाच्या मागे जातात! अर्थात, सुरक्षित अंतर राखून. ढग कसे फिरतात, वारा कोठून वळतो, याच्या ते नोंदी घेतात. नकाशावर शिकलेले वादळ त्यांना समोर उभे दिसते.

विद्यापीठाची सुरुवात १८५९ साली झाली. आपले मुंबई विद्यापीठ त्याच्या दोनच वर्षे आधीचे, १८५७ चे. पहिल्या दिवसापासून तेथे मुले आणि मुली एकत्र शिकत होत्या. पुढे संस्था बंद पडली आणि १८७३ साली हेन्री ब्राउन यांनी ती पुन्हा उघडली. फी इतकी कमी होती, की लोक तिला 'गरिबांचे हार्वर्ड' म्हणत. लूथरन लोकांनी ती १९२५ साली विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धानंतर इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेसाठी इमारत हवी होती, पण पैसा नव्हता. विद्यार्थ्यांनी स्वतः बांधकामाला हात लावला आणि इमारत उभी केली.

आणखी एक गोष्ट तुम्हांला सांगायला हवी. या विद्यापीठाच्या खेळाडूंना पूर्वी 'क्रुसेडर्स' म्हणत. क्रुसेडर म्हणजे मध्ययुगात जेरुसलेमसाठी मुसलमानांशी लढायला गेलेले ख्रिस्ती योद्धे. हे नाव आपल्याला शोभत नाही, असे विद्यार्थ्यांच्या आणि प्राध्यापकांच्या प्रतिनिधींनी ठरवले. २०२१ साली ते नाव सोडून 'बीकन्स', म्हणजे मार्ग दाखवणारे दिवे, हे नाव घेतले गेले.

सध्या हे विद्यापीठ अडचणीत आहे. काही वर्षांपूर्वी तेथे चार हजारांहून अधिक विद्यार्थी होते. आता ते तीन हजारांच्या आत आले आहेत. विद्यार्थी कमी, म्हणून फीही कमी. अमेरिकेतील अनेक लहान विद्यापीठांची हीच स्थिती आहे. पहिल्या वर्षाच्या मुलांची वसतिगृहे जुनी झाली. ती दुरुस्त करण्यासाठी विद्यापीठाच्या संग्रहालयातील तीन मौल्यवान चित्रे विकण्याचे २०२३ साली ठरले. त्यांतले एक जॉर्जिया ओकीफ या प्रसिद्ध चित्रकर्तीचे होते. मोठा वाद झाला. काही जण म्हणाले, चित्रे पाहणे हाही अभ्यासच आहे. काही म्हणाले, चांगल्या खोल्या नसतील, तर विद्यार्थी येणार कसे? प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. तुम्ही त्या विद्यापीठात असता, तर कोणत्या बाजूने हात वर केला असता? वर्गात यावर चर्चा करा.