दरबाराचा हिशेब मांडणाऱ्या जुबैदा यजदानी

हैदराबादचे नाव निघाले की आपल्या घरांत चारमिनार, बिर्याणी आणि निजामाच्या हिऱ्यांच्या गोष्टी सुरू होतात. मराठवाड्यातले आपले आजे-पणजे ज्या राज्याची रयत होते, ते राज्य आतून कसे पोखरले गेले, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. ते कागदपत्रांच्या आधारे सांगणाऱ्या इतिहासकार म्हणजे मरहूमा जुबैदा यजदानी.

त्यांचा जन्म १९१६ चा. वडील गुलाम यजदानी हैदराबाद राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. अजिंठ्याच्या चित्रांवरचे त्यांचे खंड आजही अभ्यासकांना लागतात. एका मुसलमान विद्वानाने बौद्ध लेण्यांच्या जतनासाठी आयुष्य वेचले, त्या घरात ही मुलगी वाढली. मुलीने कुरआन शरीफ आणि थोडी उर्दू वाचली की पुरे, असे अनेक घरांत मानले जात होते, त्या काळात ती इतिहास शिकायला ऑक्सफर्डला गेली. पुढे उस्मानिया विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयात त्यांनी इतिहास शिकवला. हे महाविद्यालय कोठी भागात, इंग्रज रेसिडेंटच्या जुन्या कोठीत भरत असे.

त्याच कोठीत १८११ ते १८२० या काळात हेन्री रसेल रेसिडेंट होता. जुबैदा आपांनी संशोधनासाठी नेमकी हीच वर्षे निवडली. त्यांचा ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. तैनाती फौजेच्या पद्धतीचे उदाहरण म्हणून त्यांनी हैदराबादचा अभ्यास मांडला.

तैनाती फौज हा शब्द आपली मुले शाळेत पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. त्याचा अर्थ हैदराबादेत दिसतो. रसेलच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली फौज उभी राहिली, पण तिचा पगार निजामाच्या खजिन्यातून. पगार भागेना म्हणून पामर कंपनीकडून भारी व्याजाने कर्ज. कर्ज फिटेना, फौज मात्र कायम. अखेर १८५३ च्या तहाने थकबाकीपोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या ताब्यात गेले. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाडची कापसाची काळी जमीन मात्र परत आली नाही. अमरावती, अकोला आणि औरंगाबादचे मार्ग वेगळे झाले, त्यामागे हा हिशेब आहे.

शेवटच्या निजामावरही त्यांनी ग्रंथ लिहिला, तो १९८५ मध्ये आला. १९९६ साली त्यांचे निधन झाले.

गेलेल्या वैभवाबद्दल हळहळणे सोपे असते. दुसऱ्याला दोष देणे त्याहून सोपे. जुबैदा आपांनी तिसरी वाट धरली: कागद वाचणे, आकडे जुळवणे, मग बोलणे. आपल्याला आज याच सवयीची गरज आहे. आपल्या पूर्वजांबद्दल कोणी काहीही बोलले की आपण रागावतो, पण उत्तर द्यायला हाती कागद नसतो.

तो कागद अनेकदा आपल्याच घरात असतो. इनामाची सनद, मशिदीचे किंवा दर्ग्याचे जमाखर्च, निकाहनामे, आजोबांची उर्दू पत्रे. वाचता येत नाहीत म्हणून ती रद्दीत जातात. आम्हा शिक्षकांची विनंती एवढीच की ती सुती कापडात बांधून कोरड्या जागी ठेवा, फोटो काढा आणि घरातल्या मुलीला मराठीबरोबर उर्दूही वाचायला शिकवा. उद्या तीच आपल्या गावाचा इतिहास लिहील, इन्शाअल्लाह.

अल्लाह तआला जुबैदा आपांची मगफिरत करो आणि आपल्या मुलींना इल्मची हीच ओढ देवो. आमीन.