उपकरणे आणि सामान्य वापरकर्ता

युनिक्सच्या वळणाच्या प्रणालींमध्ये, नेटवर्क कार्डासारखे अपवाद वगळता, उपकरणे ‘डेव्ह’ या निर्देशिकेत फाइलच्या रूपाने दिसतात. त्यामुळे ती कोणी वापरावीत हा प्रश्नही फाइलच्या परवानग्यांचा, म्हणजे मालक, गट आणि इतर सर्व या तीन वर्गांना दिलेल्या वाचन-लेखनाच्या हक्कांचा ठरतो. डेबियन लिनक्सवर आर्डुइनो उनो हा बोर्ड जोडला की साधारणतः ‘टीटीवायएसीएम०’ ही फाइल तयार होते. तिचा मालक रूट (सर्वाधिकारी खाते), गट ‘डायलआउट’ आणि परवानगी ०६६०, म्हणजे फक्त मालक व गटाला वाचन-लेखन, असल्याने गटाबाहेरच्या नवख्याच्या पदरी ‘परवानगी नाकारली’ एवढा संदेशच पडतो.

यावर सर्रास सुचवला जाणारा उतारा म्हणजे परवानगी ०६६६, म्हणजे सर्वांना खुली, करणे. तो दुखण्यापेक्षा वाईट आहे, कारण मग वेब सर्व्हरच्या खात्यावर चालणारी प्रक्रियाही त्या बोर्डावर हवा तो प्रोग्रॅम चढवू शकते. शिवाय बोर्ड काढून पुन्हा जोडताच फाइल नव्याने तयार होते आणि बदल पुसला जातो.

वापरकर्त्याला गटात घालणे त्याहून बरे, मात्र ‘युजरमॉड’ आज्ञेत मोठ्या ‘जी’सोबतचा छोटा ‘ए’ राहून गेला तर नवा गट मिळतो आणि आधीचे पूरक गट जातात, ज्यात प्रशासकाचा स्वतःचा ‘सुडो’ गटही असू शकतो. सर्व गट सारख्या तोलाचे नसतात, हे तर फारच कमी वेळा सांगितले जाते. ‘डिस्क’ गटातील सदस्य फाइलींच्या परवानग्या ओलांडून थेट डिस्कवरील मजकूर वाचू-लिहू शकतो, म्हणजे व्यवहारात तो रूटच होतो. ‘इनपुट’ गटातील सदस्याला कळफलकावर दाबलेली प्रत्येक कळ, अर्थात दुसऱ्याचा पासवर्डही, वाचता येतो. ‘व्हिडिओ’ गटाचे सदस्यत्व तर माणूस यंत्रासमोरून उठून गेल्यावरही टिकते आणि दुरून एसएसएचने शिरूनही त्याला कॅमेरा उघडता येतो.

खरे पाहता हक्क खात्याला नव्हे, तर त्या क्षणी यंत्रासमोर बसलेल्या व्यक्तीला मिळायला हवा. २००३ मध्ये ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी पुढे आणलेला ‘यूडेव्ह’ हा प्रोग्रॅम उपकरण जोडल्याची कर्नलची वर्दी घेऊन नियम तपासतो. आर्डुइनोचा उत्पादक क्रमांक २३४१ असलेल्या उपकरणाला ‘यूअ‍ॅक्सेस’ ही खूण लावावी, असा नियम त्यात लिहिता येतो. ती खूण पाहून ‘सिस्टमडी-लॉगइनडी’ ही सत्रे सांभाळणारी सेवा समोरच्या सत्रातील वापरकर्त्याचे नाव फाइलच्या एसीएलमध्ये, म्हणजे जादा परवानग्यांच्या यादीत, घालते आणि सत्र संपताच काढते. ‘एलएस’च्या लांब यादीत परवानग्यांपुढे दिसणारे अधिकचे चिन्ह ते हेच. नियमाच्या फाइलचे नाव क्रमाने ‘७३-सीट-लेट’ या नियम-फाइलच्या आधी लागले पाहिजे, नाहीतर खूण लागूनही उपयोग होत नाही.

या व्यवस्थेलाही एक भोक आहे: परवानगी फाइल उघडतानाच तपासली जाते, त्यामुळे सत्र संपण्याआधी उघडलेला सिरियल पोर्ट मागे उरलेल्या प्रक्रियेच्या हाती तसाच राहतो. लॉगइनडीमार्फत उघडलेली कळफलक, माऊस आणि ग्राफिक्सची उपकरणे तेवढी लॉगइनडीला मध्येच काढून घेता येतात.