बजेट आहे, तरी खेळाडू का घेता येत नाही? फुटबॉल मॅनेजरमधल्या अमेरिकन लीगचे नियम, आयपीएलच्या भाषेत

"अरे, एमएलएसमधली टीम घेतली, क्लबकडे पैसे पडून आहेत, खेळाडू यायला तयार आहे, तरी गेम साइन करू देत नाही. हा बग आहे का?"

फुटबॉल मॅनेजर खेळणाऱ्या मित्रांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. बग नाहीये. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरचे नियमच असे आहेत आणि गेमने ते जवळपास तसेच उचललेत. आमच्या कामोठ्यातल्या ग्रुपमधल्या दोघांनी याच वैतागाने पहिल्या सीझनलाच सेव्ह डिलीट केला आणि सरळ इंग्लंडची टीम घेतली. खरं तर ज्याला आयपीएलचं ऑक्शन कळतं, त्याला हे नियम अर्ध्या तासात कळतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. नेटफ्लिक्सवरून मिळणारी फोनची आवृत्ती सुटसुटीत आहे. खालचे नियम पूर्ण तपशिलात दिसतात ते कॉम्प्युटरच्या आवृत्तीत. मी आकडे २०२४ च्या सीझनचे घेतलेत. तुमच्या आवृत्तीत ते थोडे वेगळे असतील, पण हिशोबाची पद्धत तीच.

आधी मुंबई इंडियन्सचं उदाहरण

२०२५ च्या आयपीएलसाठी प्रत्येक टीमची पर्स होती १२० कोटी. मुंबईने पाच जण रिटेन केले: बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३० आणि तिलक वर्मा ८. एकूण ७५ कोटी. पर्समध्ये उरले ४५. इथे हिशोब सरळ आहे, जेवढे दिले तेवढे पर्समधून वजा.

एमएलएसमध्ये दोन आकडे असतात. एक खेळाडूचा खरा पगार आणि दुसरा त्याचा बजेट चार्ज, म्हणजे पर्समधून किती वजा होणार तो आकडा. हे दोन्ही सारखे असतीलच असं नाही. सगळा गोंधळ इथेच होतो.

समजा आयपीएलने नियम केला, की एका खेळाडूमागे पर्समधून जास्तीत जास्त १० कोटीच वजा होतील आणि त्यावर पगार असलेले फक्त तीन खेळाडू ठेवता येतील. मग बुमराह, सूर्या आणि हार्दिक हे ते तिघे, प्रत्येकाचे १० कोटी वजा. वरचे पैसे मालक स्वतःच्या खिशातून देणार. रोहित चौथा, त्याला ही सवलत नाही. त्याच्या १० कोटींच्या वरचे ६.३० कोटी लीगने दिलेल्या एका खास कूपनमधून भरले, तरच तो राहणार. तिलकचे ८ जसेच्या तसे. एकूण ४८ कोटी वजा, पर्समध्ये उरले ७२. टीम तीच, पगार तेच, पण हातात २७ कोटी जास्त.

हे समजलं की एमएलएस बऱ्यापैकी समजली. आता खरी नावं लावू.

३० जागा, पण हिशोब २० चाच

संघात जास्तीत जास्त ३० खेळाडू. पहिल्या २० जागा म्हणजे सीनियर रोस्टर. बजेटमध्ये फक्त हेच मोजले जातात. पुढच्या १० जागा सप्लिमेंटल, त्यांचा पगार बजेटमध्ये धरत नाहीत. अर्थात तिथे कोणीही चालत नाही. कमी पगाराचे, तरुण आणि क्लबच्या स्वतःच्या अकादमीतून आलेले, ज्यांना होमग्रोन म्हणतात, अशांसाठीच त्या आहेत.

२०२४ मध्ये २० जणांचं बजेट होतं ५४,७०,००० डॉलर आणि एका खेळाडूचा कमाल चार्ज ६,८३,७५०.

डेझिग्नेटेड प्लेअर: आपल्याकडचा मार्की

२०१४ मध्ये आयएसएल सुरू झाली तेव्हाचे मार्की खेळाडू आठवतात? मुंबई सिटीकडे फ्रेडी ल्युंगबर्ग, पुण्याच्या टीमकडे डेव्हिड त्रेझेगे, गोव्याकडे रॉबेर पिरेस. आमच्या मानसरोवर स्टेशनपासून चौथं स्टेशन नेरूळ, तिथलं डी. वाय. पाटील स्टेडियम हे मुंबई सिटीचं पहिलं घर. पुढे २०१६ मध्ये दिएगो फोर्लान मुंबईचा मार्की झाला. एरवीच्या पगारमर्यादेत न बसणारं मोठं नाव आणण्याची ती वाट होती.

अमेरिकेने ही वाट २००७ मध्ये काढली, डेव्हिड बेकहॅमला एलए गॅलक्सीत आणण्यासाठी. म्हणून तिला आजही बेकहॅम रूल म्हणतात. तेव्हा अशा खेळाडूचे बजेटमधून फक्त ४ लाख डॉलर वजा व्हायचे. आता अशा जागा जास्तीत जास्त तीन. मेस्सी २०२३ मध्ये इंटर मायामीत आला तोही अशाच जागेवर.

पण फुकट काहीच नाही. तिन्ही जागा अनुभवी स्टार्सनी भरल्या तर ३ × ६,८३,७५० म्हणजे २०,५१,२५० डॉलर गेले. उरले ३४,१८,७५०, तेही १७ जणांत. म्हणजे माणशी साधारण २ लाख. तिघं राजे आणि बाकी सगळे काटकसरीत, अशी टीम होते.

इथे वय कामी येतं. डेझिग्नेटेड खेळाडू २१ ते २३ वर्षांचा असेल तर चार्ज फक्त २ लाख, २० किंवा त्याहून लहान असेल तर दीड लाख. तिघांपैकी एक जरी २२ वर्षांचा घेतलात तरी ४,८३,७५० डॉलर वाचतात. त्यात दोन चांगले डिफेंडर येतात.

शिवाय २०२१ पासून यू-२२ इनिशिएटिव्ह आहे. २२ वर्षांपर्यंतचा परदेशी गुणी खेळाडू कितीही ट्रान्सफर फी देऊन आणा, चार्ज वयानुसार दीड किंवा दोन लाखच. मात्र त्याचा पगार कमाल चार्जच्या आत हवा. गेममध्ये दक्षिण अमेरिकेतल्या १९-२० वर्षांच्या पोरांवर स्काउट लावायचे ते यासाठी.

गॅम आणि टॅम: ते खास कूपन

जनरल अलोकेशन मनी म्हणजे गॅम, टार्गेटेड अलोकेशन मनी म्हणजे टॅम. हे क्लबचे रोख पैसे नाहीत, लीगने दिलेली क्रेडिट आहे. गेमच्या स्क्रीनवर डॉलरमध्ये दिसते म्हणून फसायला होतं.

समजा मिडफिल्डरचा पगार ९ लाख आहे. कमाल चार्जपेक्षा २,१६,२५० जास्त. तेवढी रक्कम गॅम किंवा टॅममधून भरली की तो साधा सीनियर खेळाडू ठरतो आणि डेझिग्नेटेडची जागा वाचते. टॅम मुख्यतः कमाल चार्जच्या वर पगार असलेल्यांसाठी, तेही १६,८३,७५० डॉलरपर्यंतच. गॅम जास्त लवचिक आहे. कमी पगाराच्या खेळाडूचा चार्जही त्याने खाली आणता येतो आणि ट्रेडमध्ये दुसऱ्या क्लबला देताही येतो. म्हणून आधी टॅम संपवायचा, गॅम शेवटपर्यंत जपायचा.

परदेशी खेळाडूंच्या जागा

आयपीएलमध्ये संघात ८ परदेशी, मैदानात ४. आयएसएलमध्ये मैदानातली मर्यादा ६ वरून ५ आणि २०२१-२२ पासून ४ झाली. एमएलएसमध्ये मैदानावरच्या अकरांत मर्यादाच नाही, मर्यादा रोस्टरमध्ये आहे. प्रत्येक क्लबला मुळात ८ जागा मिळतात, आणि गंमत म्हणजे या जागा विकता येतात. तुमच्याकडे दोन रिकाम्या असतील तर दुसऱ्या क्लबला देऊन गॅम मिळवा. अमेरिकन क्लबमधल्या परदेशी खेळाडूला ग्रीन कार्ड मिळालं की तो जागा अडवत नाही. त्यामुळे खरेदी करताना फक्त देशाचा झेंडा बघू नका, प्रोफाइलमध्ये त्याचा दर्जाही बघा.

एवढा खटाटोप कशासाठी?

एमएलएसआधी अमेरिकेत एनएएसएल नावाची लीग होती. न्यूयॉर्क कॉसमॉसने १९७५ मध्ये पेलेला आणलं. हीच टीम १९७७ मध्ये कोलकात्यात ईडन गार्डन्सवर मोहन बागानशी २-२ खेळली. कॉसमॉसच्या मागे धावत बाकीचे क्लबही झेपत नसताना पैसे ओतत गेले आणि १९८४ च्या सीझननंतर लीगच बंद पडली. त्यामुळे १९९६ मध्ये एमएलएसचा पहिला सीझन झाला तेव्हा खेळाडूंचे करार क्लबशी नाही, थेट लीगशी ठेवले गेले आणि खर्चाला लगाम आला.

हे आपल्यालाही लांबचं नाही. त्रेझेगे ज्या एफसी पुणे सिटीकडून खेळला, तो क्लब आर्थिक अडचणींमुळे २०१९ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. आयएसएलमध्ये पगारावर मर्यादा होती, तरीही. म्हणजे मर्यादा घातली की क्लब जगतोच असं नाही. पण ज्या शहराचा क्लब जातो, तिथल्या पोरांना शनिवारी संध्याकाळी बघायला स्वतःची टीम उरत नाही. तो धोका कमी करायला हे नियम आहेत.

सेव्ह सुरू करताना हा क्रम ठेवा

१. पगाराचा कॉलम सोडा, आधी बजेट चार्जचा कॉलम उघडा.
२. डेझिग्नेटेडच्या तीनपैकी किमान एक जागा २३ च्या आतल्या खेळाडूला द्या.
३. यू-२२ च्या जागा रिकाम्या ठेवू नका, सगळ्यात स्वस्तात गुणवत्ता तिथेच मिळते.
४. चौथा महागडा खेळाडू हवा असेल तर आधी टॅम किती शिल्लक आहे ते बघा, मगच बोलणी करा.
५. परदेशी जागा मोजूनच ऑफर टाका.
६. सप्लिमेंटलच्या दहा जागा अकादमीच्या पोरांनी भरा. पुढे त्यांच्यातलाच एखादा सीनियर होतो.

यातली एखादी अट मोडत असेल तर बँकेत कितीही डॉलर असले तरी सही होणार नाही. पुढच्या वेळी गेम "नाही" म्हणाला की चिडण्याआधी बघा, अडलंय कशावर: जागा, चार्ज की परदेशी कोटा. या तिन्हींपैकी एक हमखास सापडेल.