पानाच्या उजेडाचा जमाखर्च

१९३१ साली हान्स काउट्स्की आणि ए. हिर्श यांनी अंधारातल्या पानावर एकदम उजेड पाडला, तेव्हा पानातून उमटणारी लाल दीप्ती झपाट्याने वाढली आणि काही मिनिटांत पुन्हा मंदावली. हे त्यांनी नुसत्या डोळ्यांनी टिपलं. पुढचं सगळं शास्त्र या चढउताराचा अर्थ लावण्यात गेलं आहे.

हरितद्रव्याने शोषलेल्या उजेडाला तीन वाटा असतात: प्रकाशसंश्लेषण, उष्णता आणि ही प्रतिदीप्ती. तिसरीच्या वाट्याला जेमतेम एक-दोन टक्के येतात, पण बाहेरून मोजता येते ती एवढीच. अडचण अशी, की दीप्ती घटली तर पान जास्त काम करतंय की जास्त उष्णता फेकतंय, हे एका आकड्यावरून कळत नाही.

ही कोंडी जर्मनीत १९८०च्या दशकात उलरिख श्रायबर यांच्या ‘पाम’ फ्लोरोमीटरने फोडली. त्याचा मोजणीचा उजेड लुकलुकतो आणि यंत्र फक्त त्याच तालातली दीप्ती धरतं, म्हणून भर उन्हातही मोजता येतं. मधूनच सेकंदभराचा अतिप्रखर झोत सोडतात. त्याने प्रकाशसंश्लेषणात उजेड वापरणाऱ्या ‘फोटोसिस्टिम दोन’ या यंत्रणेची सगळी केंद्रं क्षणभर बंद होतात. काम थांबलेलं असतानाही दीप्ती अंधारातल्या कमालीपर्यंत चढली नाही, तर ती तूट उष्णतेची.

अंधारात ठेवलेल्या निरोगी पानाचं ‘एफव्ही/एफएम’ गुणोत्तर, म्हणजे झोताने चढलेली कमाल दीप्ती आणि त्याआधीची मूळची दीप्ती यांतला फरक भागिले कमाल दीप्ती, साधारण ०.८३ येतं. क्लिप लावली, बटण दाबलं, आकडा आला! म्हणूनच त्याची जरा जास्तच पूजा होते. पाण्याचा ताण सौम्य असेल तर पर्णरंध्रं मिटतात, कार्बन मिळेनासा होतो, तरी हा आकडा जवळपास जागचा हलत नाही. उलट दुपारच्या उन्हात तो घसरला, तर ते पानाने स्वतःला वाचवणंही असू शकतं. मूळची दीप्ती वाढली की कमाल दीप्ती घटली, हे पाहिल्याशिवाय गुणोत्तरावर बोलू नये.

याच दीप्तीवरून फोटोसिस्टिम दोनमधल्या इलेक्ट्रॉनवहनाचा वेग काढताना तर आणखी दोन गृहीतकं सर्रास घुसतात: पान ८४ टक्के उजेड शोषतं आणि त्यातला निम्मा फोटोसिस्टिम दोनला मिळतो. प्रत्येक पान असं वागत नाही. शिवाय गहू-भातात इलेक्ट्रॉनांचा बराच वाटा प्रकाशश्वसनात, म्हणजे कार्बन न बांधणाऱ्या वाटेवर, जातो. म्हणून जाणकार त्याच पानाला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्रही जोडतात. मका, ज्वारी, ऊस यांत प्रकाशश्वसन अगदी कमी, त्यामुळे दोन्ही आकडे बऱ्यापैकी हातात हात घालून चालतात, गव्हात फारकत घेतात.