खनिज विकले, कमावले किती?

कारखान्यातील यंत्र झिजले की हिशेबात घसारा धरतात. पण भूगर्भातील खनिज उपसून विकले, तर त्यातून मिळणारी सारी वरकड राष्ट्रीय हिशेबात उत्पन्न म्हणूनच जमा होत आली. गरीब देशांना हे विशेष महागात पडते, कारण विकासाचा वेग म्हणून जो आकडा मिरवला जातो त्यात मुद्दलाची विक्रीही मिसळलेली असते.

इंडोनेशियाचेच पाहा. १९७१ ते १९८४ या काळात तेथील अर्थव्यवस्था वर्षाला सरासरी ७.१ टक्क्यांनी वाढल्याची नोंद होती. रॉबर्ट रेपेटो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये खनिज तेल, जंगले व जमिनीची धूप यांचा हिशेब त्यात धरला, तेव्हा ही वाढ ४ टक्क्यांवर आली! अर्थात, त्यांच्या रीतीत नवा तेलसाठा सापडला की त्या वर्षीचे उत्पन्न एकदम फुगे. हा दोष लहान नव्हे.

जागतिक बँकेतील अर्थतज्ज्ञ सलाह एल सेराफी यांनी त्याच सुमारास वेगळी वाट सुचवली. खाणीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेतील काही भाग असा गुंतवावा, की साठा संपल्यावरही त्याच्या व्याजातून आजच्याइतकेच उत्पन्न येत राहील. साठा दहा वर्षे पुरणारा आणि व्याजदर ५ टक्के असेल, तर शंभर रुपयांतले खरे उत्पन्न सुमारे चाळीसच, बाकीचे मुद्दल. अर्थसंकल्पात मात्र शंभरही रुपये खर्चाला मोकळे दिसतात.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या सुधारित राष्ट्रीय लेखापद्धतीत ही झीज निव्वळ उत्पादनातून वजा करण्याची तरतूद आहे. एकूण देशांतर्गत उत्पादनाच्या आकड्याला मात्र तिने हात लावलेला नाही.